मधल्या टेबलांवर

बुद्धिबळाच्या स्पर्धेत फोटो काढणारे पहिल्या टेबलाशी थांबतात. तिथे दोरी बांधलेली असते, पट लाकडी असतो, क्वचित चाली पडद्यावरही दिसतात. शेवटच्या टेबलांवर पोरंटोरं असतात आणि त्यांचे आईबाबा दारातून माना उंचावून बघत असतात. मधल्या टेबलांकडे कुणी फिरकत नाही. आम्ही तिथले. आठवडाभर दुसरंच काहीतरी करणारे, शनिवार-रविवार कसाबसा मोकळा काढून आलेले, यादीत धड वर नाही आणि धड खाली नाही अशा जागी अडकलेले लोक.

या यादीची एक गंमत आहे. समजा चौसष्ट खेळाडू आहेत. रेटिंगप्रमाणे, म्हणजे आधीच्या निकालांवरून ठरलेल्या ताकदीच्या आकड्याप्रमाणे, सगळ्यांना ओळीने क्रमांक देतात आणि पहिल्या फेरीसाठी यादी बरोबर मधोमध कापतात. वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो, दुसरा दुसऱ्याशी. म्हणजे १ विरुद्ध ३३ आणि ३२ विरुद्ध ६४. आता आमचं बघा. ३२ आणि ३३ यांच्या रेटिंगमध्ये दोन-चार गुणांचाच फरक असणार, दोघंही सारखेच धांदरट. पण ३२ व्याला यादीतलं शेवटचं नाव मिळतं आणि ३३ वा जाऊन बसतो अव्वल मानांकिताच्या समोर, दोरीच्या आत. वरचे दोघं आयत्या वेळी आले नाहीत, की कालचा ३३ आज ३१ होतो आणि वाघाऐवजी शेळी पदरात पडते. त्यामुळे पेअरिंगचा, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा, कागद लागला की मधले लोक जितके तावातावाने त्याच्यावर तुटून पडतात, तितकं दुसरं कुणी पडत नाही.

दुसऱ्या फेरीपासून मात्र सारख्या गुणांच्या लोकांची गाठ घालतात. हीच स्विस पद्धत. १८९५ साली झुरिचच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर चौसष्ट जणांना ६३ फेऱ्या लागतील, तेवढ्या सुट्ट्या कुणाला असतात? म्हणून जिंकलात तर पुढे तुमच्यासारखाच जिंकलेला, हरलात तर तुमच्यासारखाच हरलेला. परिणाम असा, की शनिवारी तीन आणि रविवारी दोन डाव जीव तोडून खेळलं, तरी मधल्या माणसाच्या नावापुढे शेवटी अडीच गुण लागतात (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). फार तर तीन. यात कर्तृत्व कमी आणि पद्धतीचा गुण जास्त.

पहिला नंबर शोधायला बनवलेल्या या पद्धतीने आमच्यासारख्यांचं न मागता भलं केलंय, असं माझं मत आहे. पहिल्या टेबलावरच्याला पहिल्या दोन फेऱ्यांत बहुधा तोडीचा कुणी मिळत नाही. आम्हाला दुपारपर्यंत मिळतो. ज्याचं नाव आधी ऐकलं नाही, ज्याच्याशी एरवी बोलायचं काही कारण नाही, असा एक माणूस समोर येऊन बसतो. त्याला माझ्याइतकंच कळतं आणि माझ्याइतकंच कळत नाही. मग पटावर जे घडतं त्याला उच्च दर्जाचं बुद्धिबळ म्हणता येणार नाही, पण चुरस अशी की शेजारचे आपला डाव सोडून डोकावून जातात.

परवा असेच एक काका समोर होते. डाव सुरू व्हायच्या आधी त्यांनी आपल्या दोन्ही घोड्यांची तोंडं डावीकडे वळवून ठेवली. पुढे पाऊण तासाने त्यातला एक जरा तिरका झाला, तेव्हा हात पुढे करण्याआधी ते अगदी हळू ‘झादूब’ म्हणाले. म्हणजे मी चाल करत नाही, फक्त मोहरा नीट ठेवतोय. हे न म्हणता हात लागला तर त्याच मोहऱ्याची चाल करावी लागते. त्यांनी घोडा नीट केला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि मग ते पुढची वीस मिनिटं विचार करत बसले. प्रत्येक चालीपुढे ते घड्याळात उरलेली मिनिटंही बारीक अक्षरात टिपत होते.

स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहून ठेवायचा कागद, हा प्रकारच मला फार आवडतो. पहिल्या दहा चाली सुवाच्य अक्षरात, कारण त्या घरून पाठ करून आणलेल्या असतात. मग अक्षर मोठं होतं, ओळ सोडून जातं, आणि तिसाव्या चालीनंतर तर ई-चार आहे की सी-चार हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. भूकंपमापकाचा कागदच तो. शेवटची पाच मिनिटं उरली तरी लिहिण्यातून सुटका नाही, कारण दर चालीला तीस सेकंद वाढवून मिळत असतील तर शेवटपर्यंत नोंद करावी लागते. ही जादाची सेकंदं माजी जगज्जेत्या बॉबी फिशरच्या घड्याळाची देणगी. १९८८ साली त्याने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पूर्वी डाव जिंकत आलेला असताना काटा पडून, म्हणजे वेळ संपून, हरायचे, आता तीस-तीस सेकंदांवर तासभर तगून हरतात.

आणि मग मुलं. मधल्या टेबलांवरच्या प्रौढांना अव्वल मानांकिताची भीती वाटत नाही, त्याच्याशी हरण्यात इभ्रत जात नाही. भीती वाटते ती दहा-अकरा वर्षांच्या, आपल्यापेक्षा दोनशे गुण खाली असलेल्या पोरांची. आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचं रेटिंगचं गणित फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, १९७० साली स्वीकारलं, त्यानुसार दोनशे गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभरातले साधारण ७६ गुण घ्यायला हवेत. गणित बरोबर आहे. फक्त पोरगं रोज चार तास शिकत असतं आणि त्याचं रेटिंग मागून रखडत येत असतं. शिवाय क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात रेटिंग किती हलणार हे ठरवणारा गुणक अठराच्या आतल्यांना ४०, आमच्यासारख्या मुरलेल्यांना २०. समान रेटिंगच्या मुलाशी हरलं तर माझे दहा जातात आणि त्याला वीस मिळतात. वरचे दहा कुठून येतात हा प्रश्न मी पंचांना विचारला होता. ते हसले.

चौथ्या फेरीत मला अशीच एक मुलगी आली. खुर्चीत गुडघ्यांवर बसायची, कारण तसं न करता घड्याळापर्यंत हात पोचत नव्हता. चाल केली की उठून, हात मागे बांधून, इतर टेबलांची पाहणी करून यायची. मी चाल केली रे केली, की न बोलावता हजर. शेवटी पटावर राजे, हत्ती आणि प्यादीच उरली, तिथे तिने मला पुरतं पिळलं. मग सही केली, हात मिळवला आणि ‘तुमचं प्यादं ए-पाचवर असतं तर बरोबरी होती’ असं सांगून गेली. बाहेर येऊन मोबाइल सुरू केला, बुद्धिबळाच्या इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारलं. खरं होतं.

रविवारी पाचवा डाव मी जिंकला आणि नावापुढे तेच आपले अडीच गुण लागले. अडीच गुणांवर अठरा जण. अशा वेळी क्रम लावायला बुकहोल्झ बघतात, म्हणजे तुमच्याशी खेळलेल्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त गुण मिळवतील, तो वर. माझा डाव लवकर संपला होता, तिचा अजून चालू होता. मी जाऊन तिच्या टेबलापासून अदबीने चार हात दूर उभी राहिले. आदल्या डावात जिने मला हरवलं, तिने आता जिंकावं म्हणून माझा जीव खालीवर होत होता. दूर उभे असलेले घोड्यांवाले काकाही तिच्याकडेच बघत होते. दुसऱ्या फेरीत ते तिच्याशी खेळले होते हे मला तेव्हा कळलं. तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं, वेळही भरपूर होता. समोरच्याने बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. तिने दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि हात पुढे केला.

‘गेला अर्धा गुण,’ काका म्हणाले.