कॉलेजसाठी १३ इंची जुना लॅपटॉप: निवड, रॅम, एसएसडी, बॅटरी (आतापर्यंतचं काम)

मशीन फायनल झालं, उघडून झालं, आणि स्क्रीन सोडली तर ठरवलेलं बहुतेक काम उरकलंय, म्हणून सगळं एकदाच सविस्तर टाकते. मशीन म्हणजे एचपी एलिटबुक ८३० जी५, २०१८ चं मॉडेल, १३.३ इंच, आय५-८२५०यू. आलं तेव्हा ८ जीबीची एकच रॅम स्टिक आणि २५६ जीबीची साटा (जुन्या, मंद जोडणीची) एसएसडी, म्हणजे स्टोरेज ड्राइव्ह, होती. वापर म्हणाल तर लेक्चरच्या नोट्स, ढीगभर पीडीएफ, पायथन, मधूनमधून व्हर्च्युअल मशीनमध्ये (विंडोजच्या आतच चालणारा आभासी कॉम्प्युटर) लिनक्स, आणि ब्राउझरचे ते टॅब जे "नंतर वाचू" म्हणून उघडे राहतात ते राहतातच.

आधी निवडीबद्दल, कारण खरा वेळ तिथेच गेला. बहुतेक जण रॅम किती, एसएसडी किती इथून सुरुवात करतात, मी ते शेवटी ठेवलं. आधी फक्त जे नंतर बदलता येणार नाही तेवढंच बघितलं: प्रोसेसर (या साइजच्या लॅपटॉपमध्ये तो बोर्डावर सोल्डरच, म्हणजे कायमचा जोडलेलाच असतो), रॅमचे स्लॉट आहेत का आणि किती, टाइप-सी वरून चार्ज होतो का, वजन, आणि कीबोर्ड. बाकी सगळं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की बदलता येतं, त्यामुळे २५६ जीबीच आहे, बॅटरी थकलीये, असल्या कारणांनी चांगलं मशीन सोडायचं नाही असं ठरवलं होतं. उलट अशाच मशीनवर सौदा चांगला जमतो.

प्रोसेसरची रेघ आठव्या जनरेशनवर मारली आणि त्याला दोन कारणं. एक, सातव्या जनरेशनचा आय५-७२००यू दोन कोर चार थ्रेडचा, आणि आठव्याचा ८२५०यू चार कोर आठ थ्रेडचा, दोन्ही १५ वॅटचेच. एवढी मोठी उडी त्याआधी बरीच वर्षं या वर्गात आली नव्हती. दुसरं, विंडोज ११ ला इंटेलची अधिकृत मर्यादा आठव्या जनरेशनपासून पुढे (आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप), आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्सच टाकणार असाल तर हे दुसरं कारण सोडून द्या, मग थिंकपॅड एक्स२७० सारखं मशीन पण मस्त आहे, त्याची मागची बॅटरी चालू मशीनवर काढून बदलता येते, ती चैन आता गेलीच.

मग स्लॉट. इथे बरीच मंडळी गळाली. थिंकपॅड एक्स२८० दिसायला, उचलायला फार छान, पण रॅम सोल्डर. एक्सपीएस १३ ची ९३७० तशीच. लॅटिट्यूड ७२९० ला एक स्लॉट, म्हणजे आहे ती स्टिक काढून मोठी घालायची आणि ड्युअल चॅनल (दोन स्टिक एकत्र चालून मिळणारा जास्त वेग) विसरायचं. ८३० जी५ ला दोन एसओडीआयएमएम (लॅपटॉपच्या रॅमचे) स्लॉट आणि वजन १.३३ किलोपासून सुरू, म्हणून हेच. नवीन मिळणाऱ्या ११ इंची, ईएमएमसी (स्वस्त, मंद) स्टोरेजवाल्या छोट्या मशीनचा मोह अनेकांना होतो, वजनाला हलकी असतात हे खरं, पण त्यात रॅमही सोल्डर, स्टोरेजही सोल्डर, अपडेट आलं की जागा संपते आणि मग करण्यासारखं काहीच उरत नाही. आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

मशीन हातात आल्यावर पहिलं काम चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरणं. कंपन्यांमधून निघालेल्या लॅपटॉपना कधीकधी बायोसचा ॲडमिन पासवर्ड तसाच राहिलेला असतो, आणि बिझनेस मॉडेलमध्ये तो बॅटरी काढून वगैरे जात नाही. परत करायची मुदत आहे तोवरच हे बघून घ्या. तिथेच चोरीविरोधी ट्रॅकिंगचा पर्याय चालू आहे का तेही बघायचं. स्क्रीनबद्दल एक: या मॉडेलमध्ये शुअर व्ह्यू नावाचं प्रायव्हसी पॅनल पण यायचं, बाजूच्याला दिसू नये म्हणून बनवलेलं, ज्यांना गरज आहे त्यांना ठीक, पण ग्रुपमध्ये तिघं एका स्क्रीनवर बघणार असतील तर साधं पॅनलच बरं. माझं साधं आहे.

आता रॅम. मागचं झाकण सुटं करताना स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवायची भीती नाही, फक्त सगळे पूर्ण सैल झालेत ना बघायचं आणि मग बिजागरीच्या बाजूने हळूहळू उचलायचं. बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा, मगच बाकीला हात. दुसरी ८ जीबी स्टिक डीडीआर४-२४०० घेतली. तिरकी धरून आत सरकवायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबलं की दोन्ही बाजूच्या क्लिपा टक करून बसतात. एकाच बाजूची टक ऐकू आली तर बसलेली नाही. झाकण लावून चालू केलं की स्क्रीन काही वेळ काळीच राहते, मशीन नवीन रॅम ओळखत असतं, तेवढ्यात पॉवर बटण दाबून धरू नका.

फरक कुठे पडला? नुसता ८ चे १६ झाले म्हणून नाही. प्रोसेसरमधल्याच यूएचडी ६२० ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ती मुख्य रॅममधूनच खाते, आणि २४०० ची एक स्टिक थिअरीत सेकंदाला १९.२ जीबी देते, दोन असल्या की ३८.४. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर विंडो ओढताना जी अडखळण होती ती गेली. व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी देऊनही बाकीचं निवांत चालतं. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावून ठेवली होती, एरर शून्य.

एसएसडीवर फार लिहिण्यासारखं नाही. एम.२ २२८० स्लॉट, साटावाली काढून ५१२ जीबी एनव्हीएमई (पीसीआयई जोडणीवर चालणारी, वेगवान एसएसडी) घातली. साटा साधारण ५५० एमबी प्रति सेकंदाला अडते, एनव्हीएमई कागदावर त्याच्या कितीतरी पट, पण खरं सांगू का, बूट आणि वर्ड उघडण्यात मला तरी फरक जाणवत नाही. मोठ्या फायली कॉपी करताना जाणवतो. जागा हवी होती म्हणून बदलली, नाहीतर साटाच ठेवली असती. पीसीआयई ४.० ची महागडी ड्राइव्ह इथे घालण्यात अर्थ नाही, स्लॉट ३.० चा आहे, चालेल पण वेग तिथेच थांबेल. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर बदलायच्या आधी रिकव्हरी की लिहून घ्या, हे काम मागाहून होत नाही.

बॅटरी मात्र खरी गोष्ट. कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये वेगापेक्षा हिच्यावर जास्त खर्च करायला माझी हरकत नाही, कारण हॉलमध्ये भिंतीजवळच्या जागा कायम कुणीतरी आधीच पकडलेल्या असतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टला पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढला की डिझाइन कपॅसिटी आणि आताची फुल चार्ज कपॅसिटी शेजारीशेजारी दिसतात. माझी मूळची ५० वॅट-अवरची बॅटरी ३१ वर आली होती. आता गणित सोपं: नोट्स घेताना मशीन ६ वॅटच्या आसपास खातं, म्हणजे ३१ भागिले ६, पाच तास आणि वर थोडं. व्हिडिओ कॉलवर १२-१३ वॅट, की अडीच तासांत खेळ खलास. हे तुमच्या मशीनवर पण करून बघा, "किती तास चालते" या प्रश्नाला यापेक्षा प्रामाणिक उत्तर नाही.

बदली बॅटरी घेताना कोड बघायचा, या मॉडेलला एसएस०३एक्सएल. जाहिरातीत त्याच आकारात ६५-७० वॅट-अवर लिहिलेलं दिसलं तर पुढे चला. लेबलवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर दिलेले असतात, गुणाकार करा, ११.५५ गुणिले ४.३३ म्हणजे ५०, तोच आकडा जुळला पाहिजे. नवी लावून पूर्ण चार्ज केल्यावर रिपोर्टमध्ये ४९ च्या वर दिसले, समाधान. बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर आहे, त्यात बॅटरीचं आयुष्य जपायचा पर्याय निवडला की चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबतं. हॉस्टेलवर प्लगमध्येच असताना हे चालू, परीक्षेच्या दिवसांत बंद.

चार्जरवर दोन शब्द. टाइप-सी आहे म्हणून मोबाइलचा कुठलाही चार्जर चालतो असं नाही, लॅपटॉपला २० व्होल्ट देणारा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो, ९ व्होल्टवर थांबणारा चालत नाही. ४५ वॅटवर माझं काम भागतं. ६५ वॅटचा घेतला तर केबलही बघा, साधी ३ अँपिअरची केबल २० व्होल्टला ६० वॅटच नेते, पूर्ण ६५ साठी ५ अँपिअरची, चिपवाली लागते. चार्जर बदलून बदलून थकलेल्या लोकांची अडचण बरेचदा केबलमध्येच असते. पण मुख्य फायदा हा की मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीला एकच चार्जर, बॅगेतून ती जुनी वीट कायमची गेली.

उघडलंच होतं म्हणून पंखा साफ केला आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलली. जुनी पेस्ट वाळून खपली झाली होती, बोटाने पुसली की पापुद्रे निघत होते. हीटसिंकवर स्क्रूशेजारी आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडं थोडं घट्ट करायचं, एकदम एक पूर्ण आवळायचा नाही, नाहीतर एका बाजूला पेस्टचा थर जाड राहतो. आता लायब्ररीत पंखा सुरू झाला तरी कुणी मान वळवत नाही.

वायफाय कार्ड तसंच ठेवलंय. वायफाय ६ करायचं झालं तर इंटेलचं एएक्स२०० कार्ड घेणार, एएक्स२०१ नाही. दिसायला सारखंच, पण २०१ चा अर्धा भाग प्रोसेसरच्या बाजूला असावा लागतो, या ८२५०यू मध्ये तो नाही, कार्ड बसेल पण दिसणारच नाही.

राहिली स्क्रीन. आहे ती बाहेर उजेडात फिकी पडते, म्हणून ४०० निट्सचं (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), कमी वीज खाणारं पॅनल बघतेय. बेझेल (स्क्रीनभोवतीची चौकट) काढून पॅनलच्या मागचा पार्ट नंबर, केबल किती पिनांची आणि माउंटिंगचे कान कुठे आहेत ते आधी बघणार, फोटो काढणार, मगच ऑर्डर. टचवाल्या आणि बिनटचच्या मॉडेलची केबल वेगळी असू शकते, तेव्हा १३.३ इंच फुल एचडी एवढ्यावर विसंबून कुणी घेऊ नका.