जॉर्ज टी. स्टॅग २०२२: झाकून चाखलेली

२०२१ साली जॉर्ज टी. स्टॅग ही बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून होणारी अमेरिकन व्हिस्की, आलीच नाही. त्या वर्षासाठी राखलेली पिंपं चवीला उतरली नाहीत म्हणून ती बनवणाऱ्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीने बाटल्याच भरल्या नाहीत. वर्षभर नुसतं नाव ऐकून आसुसलेल्या लोकांच्या हाती २०२२ ची बाटली पडली, तेव्हा तिचं कौतुक टिपेला गेलं यात नवल नव्हतं. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या फ्रँकफोर्टची ही डिस्टिलरी आपलं 'अँटीक कलेक्शन', म्हणजे खास व्हिस्कींचा संच, दर शरद ऋतूत काढते, त्यातली ही सगळ्यात दांडगी. २०२२ च्या बाटलीची ठरलेली किंमत ९९ डॉलर होती. ठरलेल्या भावाने हवी तर दुकानाच्या सोडतीत नाव निघावं लागतं. बाहेर विकत घ्यायची तर किंमत कित्येक पटींनी चढते.

माझ्या एका मित्राचं नाव निघालं आणि त्याने बाटली कपाटात न सजवता फोडली. त्याचे मी मनापासून आभार मानतो.

मला एवढंच ठरवायचं होतं की लेबल दिसत नसतानाही ही बर्बन तितकीच मोठी वाटते का. म्हणून शेजारी तिचीच धाकटी बहीण ठेवली: नुसती 'स्टॅग', जिला आधी 'स्टॅग ज्युनियर' म्हणत. तीही पाणी न घालता, न गाळता भरलेली, पण कमी वयाची आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा येणारी. वहिनींनी ग्लास भरून तळाला चिठ्ठ्या लावल्या. आम्ही दोघांनी पाठ फिरवली होती.

पहिल्या ग्लासात दालचिनी, करपवलेली साखर आणि नाकाला झोंबणारी अल्कोहोलची धार. छान, रोखठोक. दुसऱ्या ग्लासाचा वास मात्र खोल होता. आधी काळी चेरी, मग कोको, जुनं चामडं आणि सगळ्यात शेवटी तंबाखूचं पान. घोट घेतला तर जीभ भरून गेली. तेलकट, दाट. गिळल्यावरही लवंग आणि पिंपाच्या ओक लाकडाचा तुरटपणा बराच वेळ मागे राहिला. ६९.३५ टक्के अल्कोहोलची बर्बन इतकी शांतपणे उतरते यावर माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा घोट घेतला. चिठ्ठी बघायची गरज नव्हती.

हा आकडा येतो कुठून? कायद्याने बर्बन पिंपात ६२.५ टक्क्यांपेक्षा कडक भरता येत नाही. पण केंटकीच्या उन्हाळ्यात गोदामाचे वरचे मजले तापतात, पिंपातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं आणि उरलेली दारू कडक होत जाते. पिंपही दरवेळी नवं, आतून जाळलेलं, म्हणून लाकूड भराभर मुरतं. ही बर्बन पिंपात पंधराएक वर्षं राहते, तेवढ्यात निम्म्याहून जास्त माल हवेत जातो. तेव्हा बाटल्या थोड्या असतात त्यामागे नुसती विक्रीची युक्ती नाही, हे मान्य करायला हवं.

दोषही सांगतो. पाणी न घालता पिताना शेवटी ओक जरा जास्त बोलतो, कडवटपणाच्या काठावर जातो. पाण्याचे काही थेंब पडले की व्हॅनिला वर येतो आणि तो काठ बोथट होतो. मला ती पाण्यासकटच जास्त आवडली. मित्राला पटलं नाही.

माझा कौल असा: ९९ डॉलरला ही बर्बन डोळे मिटून घ्यावी. दुप्पट दिले तरी मी कुरकुरणार नाही. त्यापुढे मात्र नाही, कारण धाकटी स्टॅग मोठीच्या बरीच जवळ जाते. कमी पडते ती खोलीत, जोरात नाही. आणि कोणाकडे बाटली असेल तर ती उघडा, ग्लासात वीसेक मिनिटं तशीच राहू द्या, पहिला घोट अगदी छोटा घ्या आणि पाणी थेंबाथेंबानेच घाला. एकदम ओतलंत तर तेलकटपणा जातो, आणि तो परत आणता येत नाही.