रात्रीचं चिकन उरलं की दुसऱ्या दिवशी काय काय होतं

आमच्या खान्देशात चिकन मोजूनमापून कोणी करत नाही. जेवणारे चार असले तरी पातेलं सहा-सात जणांचं चढतं, कारण ऐनवेळी कोणीतरी जिभाऊ नाहीतर मामा दारात उभे राहतातच आणि पाहुण्याच्या ताटात रस्सा कमी पडला म्हणजे नाचक्कीच. त्यात आपला हिशोब पीस कमी आणि रस्सा जास्त असा, भाकर चुरून खायची तर वाटीभर रस्स्याने कोणाचं भागतंय. मग रविवार झाला की सोमवारी फ्रीजमध्ये अर्धं पातेलं ठरलेलंच.

आणि बऱ्याच घरांत मग एकच होतं. ते पातेलं जसंच्या तसं गॅसवर, सकाळी एकदा उकळलं, दुपारी परत, रात्री परत. तिसऱ्यांदा गरम होईपर्यंत मांसाच्या दोऱ्या निघालेल्या असतात, रस्सा आटून खारट झालेला असतो आणि मुलं ताट बाजूला सरकवतात. मला हे बघवत नाही खरंच. ज्या काळ्या मसाल्यासाठी सुकं खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजलं, कांदे गॅसच्या जाळावर सालीसकट भाजले, धणे, लवंग, मिरे, दगडफूल, तेजपान सगळं थोड्या थोड्या तेलात परतून वाटलं, तो मसाला असा वाया जावा? कोंबडीपेक्षा जास्त मेहनत तर त्या वाटणात असते.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की उरलेलं चिकन ही शिळी भाजी समजू नका. ते तयार वाटण आहे, तयार शिजलेलं मांस आहे आणि हाडांचं पाणी वेगळं, अशा तीन वस्तू आहेत त्या, फक्त रात्रीच्या रात्री वेगळ्या करून ठेवायच्या. जेवणं झाली, ओटा आवरायचाच असतो, तेव्हा पातेल्यातले (ताटातले नाही हं, पातेल्यात उरलेले) पीस काढायचे, कोमट झाले की मांस बोटांनी सोडवून एका डब्यात, हाडं दुसऱ्या डब्यात आणि रस्सा तिसऱ्यात. ब्रॉयलर असेल तर मांस सहज सुटतं, ती कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, कोवळी. गावरान असेल तर ओढून काढावं लागतं, पण त्याच्या हाडांना जो रस सुटतो तो ब्रॉयलरला सात जन्मात येणार नाही. गावरानचा रस्सा सकाळी फ्रीजमधून काढला की जेलीसारखा थरथरतो बघा, काही जणी घाबरतात की खराब झाला की काय, तर तसं नाही, हाडांतलं आणि कातडीतलं कोलॅजन शिजून त्याचं जिलेटिन होतं आणि थंड झालं की ते गोठतं. तो रस्सा सगळ्यात भारी, गरम केला की परत पातळ होतो.

आता आपल्या उन्हाचं बोलायला हवं, कारण पुण्या-नाशिकच्या रेसिप्या वाचून इथे चालत नाही. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये असा साधारण नियम आहे, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, रात्री दहालाही स्वयंपाकघर तापलेलंच असतं, म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत एक तासच धरायचा. भरलेलं खोल पातेलं तसंच फ्रीजमध्ये कोंबलं तर मधला रस्सा कितीतरी तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. मी परातीत गार पाणी घेते, त्यात रस्सा पसरट भांड्यात ओतून ठेवते, दोन-चार वेळा ढवळते, अर्ध्या तासात फ्रीजमध्ये जाण्याइतका होतो. माझी माय फ्रीज नव्हता तेव्हा रात्री रस्सा एकदा खळखळून उकळायची आणि चुलीच्या बाजूला झाकून ठेवायची, सकाळी परत उकळायची, थंडीच्या दिवसांत ते चालून जायचं. पण उन्हाळ्यात हा भरवसा धरू नका, काही जंतू मरतात खरे पण त्यांनी आधी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. वास चांगला येतोय म्हणून चांगलं, असंही नसतं.

फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडायचं नाही, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. त्यापेक्षा जास्त वेळ लाईट नसली तर मांस टाकून द्यायचं, जीव कितीही तुटला तरी.

आणि गरम करायचं ते एकदाच आणि पूर्ण, मधोमध उकळी फुटेपर्यंत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, देशातला पहिलाच, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आपल्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. तेव्हा चिकनचं नाव काढलं तरी लोक दचकायचे. तेव्हापासून आमच्या घरात ७० डिग्री हा आकडा पाठ झाला, त्या तापमानाला नीट शिजलं की तो विषाणू टिकत नाही. मग शिळ्यालाही तोच नियम लावला आम्ही, कोमट करून वाढायचं नाही. जेवढं लागेल तेवढंच डब्यातून काढायचं आणि तेवढंच उकळायचं, बाकीचं गारच राहू द्यायचं. तीन डबे वेगळे असले की हे आपोआप जमतं.

बरं आता खाण्याचं. पहिला मान शेवेचा. हॉटेलात शेवभाजी मागवतो ना आपण, तिचा रस्सा आणि चिकनचा रस्सा एकाच गोत्रातले, तोच भाजलेला कांदा, तेच खोबरं, तोच काळा मसाला. मग उरलेला रस्सा असताना परत वाटण कशाला? माय तर रविवारी रात्रीच सांगून मोकळी व्हायची, "रस्सा उरना शे ना, सकाय शेव टाकीसन खासूत." करायचं एवढंच की रस्सा कढईत घ्यायचा, त्यात गरम पाणी घालून आपल्याला वाटतं त्यापेक्षा जरा जास्तच पातळ करायचा कारण शेव पाणी ओढते, खळखळ उकळू द्यायचा, तर्री वर आली की गॅस बंद. शेव भाजीची जाडच हवी, तिखट, बारीक शेवेचा गोळा होतो. आणि शेव कढईत कधीच घालू नका, ताट वाढताना वाटीत शेव आणि वरून रस्सा, तरच ती वरून मऊ आणि आतून कुरकुरीत राहते. मीठ वरून अजिबात नको, शेवेत असतंच. चिकनचे चार-पाच धागे वर टाकायचे, कच्चा कांदा, लिंबू, आणि कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेली) भाकर. घरात शेव नसेल तर पाटोड्या, त्याही या रस्स्यात अप्रतिम लागतात, बेसन लसूण-जिऱ्याच्या फोडणीत घट्ट शिजवायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, वड्या पाडायच्या आणि वाढायच्या पाच मिनिटं आधी उकळत्या रस्स्यात सोडायच्या. पाहुणे परत आले तरी कोणाला कळत नाही की कालचं आहे.

सकाळच्या नाश्त्याला कुस्करा. रात्रीच्या दोन-तीन भाकरी उरलेल्या असतातच, ज्वारीच्या असोत की कळण्याच्या, हाताने बारीक कुस्करायच्या. कढईत तेल जरा सढळ, जिरं, ठेचलेला लसूण भरपूर, शेंगदाणे, उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची. कांदा गुलाबी झाला की सोडवलेलं मांस आणि रस्स्याच्या डब्याच्या तळाशी जो घट्ट मसाला बसलेला असतो ना तो दोन-तीन चमचे. आधी हे चांगलं चटचट परतायचं, मांस गरमागरम झालं पाहिजे, मगच भाकर घालायची, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची. कडेला जो खरपूस थर धरतो त्यासाठी आमच्याकडे भांडणं होतात. पोळीचाही होतो पण भाकरीचा जास्त चांगला, पोळी मसाला पिऊन लिबलिबीत होते असं माझं मत आहे.

शिळ्या चिकनला एक वेगळाच वास येतो, काही जणांना तो अजिबात चालत नाही, आमच्या ह्यांना पण नाही चालत. तो वास खराब झाल्याचा नसतो, शिजलेल्या मांसातल्या चरबीला हवा लागली की तसा येतो आणि परत गरम केलं की वाढतो. लवंग, आलं, लसूण असले मसाले तो वास यायलाच कमी देतात, म्हणून आपलं मसाल्यातलं चिकन दुसऱ्या दिवशी छान लागतं आणि नुसतं उकडलेलं किंवा भाजलेलं लागत नाही. त्यासाठी सोडवलेलं मांस कोरडं ठेवू नका, दोन चमचे रस्सा चोळूनच डब्यात भरा, हवाही कमी लागते आणि चिवटही होत नाही.

हाडांची खिचडी मात्र मी कोणत्याही पदार्थाच्या बदल्यात देणार नाही. खान्देशात खिचडीचा वार ठरलेला नसतो, रात्री कंटाळा आला की खिचडी, पाहुणा उशिरा आला की खिचडी. हाडं कुकरमध्ये घालायची, पाच-सहा वाट्या पाणी, अर्धा कांदा, चार मिरे, आणि चांगल्या सात-आठ शिट्ट्या मंद आचेवर. पाणी गाळून घ्यायचं, गाळताना बारीक हाडाचा तुकडा राहायला नको, पोरं खाणार असतात, म्हणून मी पातळ फडक्यातूनच गाळते. मग दोन वाट्या तांदूळ, एक वाटी तूरडाळ धुवून ठेवलेली, तेलात मोहरी, जिरं, लसूण, शेंगदाणे, हळद, लाल तिखट, त्यावर डाळ-तांदूळ जरा परतले की ते गरम पाणी ओतायचं, मीठ बेताने. कमी पडलं तर साधं गरम पाणी वाढवायचं, खिचडी मऊ हवी, मोकळी नको. तीन शिट्ट्या. झाकण काढल्यावर जो वास येतो तो साध्या खिचडीचाच असतो पण मागे कुठेतरी चुलीवरच्या रस्स्याची आठवण करून देतो. सोडवलेलं मांस असेल तर आताच मिसळायचं आणि परत मंद आचेवर पाच-सात मिनिटं झाकून ठेवायचं. वरून लसूण आणि लाल मिरचीची तेलातली फोडणी, ती प्रत्येकाच्या ताटात वेगळी, आणि बाजूला भाजलेला ज्वारीचा पापड किंवा बिबडा. ती उकळलेली हाडं गल्लीतल्या कुत्र्यांना घालू नका बरं का, शिजलेलं कोंबडीचं हाड फाटून टोकदार होतं आणि त्यांच्या घशात, आतड्यात लागतं.

भरतात चिकन घालून बघा म्हणून मला एक-दोघींनी सांगितलं. मला नाही पटत. जळगावची हिरवी भरताची वांगी, काड्यांवर भाजलेली, लाकडाच्या बडजीत ठेचलेली, त्यात कांद्याची पात आणि हिरवी मिरची, त्याला स्वतःचीच एवढी चव आहे की मांस घातलं तर दोन्हीचा घात होतो. भरीत आपलं वेगळं, चिकन वेगळं.

मुलांचं म्हणाल तर त्यांना पोळीचा रोल सगळ्यात आवडतो. मांस तव्यावर थोड्या तेलात चांगलं गरम करायचं, कांदा, कोबी, थोडं लिंबू, आणि पोळीला आतून दह्याचा चक्का किंवा मेयोनीज लावून गुंडाळायचं. ज्वारीच्या धिरड्यात पण होतं. पण हे डब्यात देऊ नका, निदान उन्हाळ्यात तरी नाही. सकाळी सातला भरलेला डबा मुलं दहा-साडेदहाला उघडतात, तोपर्यंत साडेतीन तास झाले आणि दप्तर कुठे उन्हात पडलेलं असतं आपल्याला माहीत नाही. शाळेतून आल्यावर गरम करून द्या, तेव्हा भूकही जास्त असते.

एवढं करूनही उरलं तर फ्रीजर. रस्सा वाटी-वाटीच्या छोट्या डब्यांत भरायचा, वर बोटभर जागा सोडायची कारण गोठताना फुगतो, आणि झाकणावर तारीख लिहायची, लिहिली नाही तर महिन्याभराने कोणता डबा कधीचा ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायचा, ओट्यावर नाही. दोन महिने चव चांगली राहते. आमच्याकडे मात्र आषाढ संपायच्या आत सगळे डबे रिकामे करावे लागतात, एकदा श्रावण लागला की सासूबाई फ्रीजर स्वतः धुवून घेतात आणि मग कानबाईचे, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीचे, रोट होईपर्यंत घरात त्या भांड्यांना हात लावायचा नाही. म्हणून अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात मी रोज एक डबा काढते, एक दिवस शेव, एक दिवस पाटोड्या, एक दिवस अंडी उकडून त्यात सोडलेली, आणि शेवटच्या डब्याची खिचडी.