अण्णांचा ट्रॅक्टर आमच्या दारात

आमच्या घरात ट्रॅक्टर कुठला घ्यायचा, हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. १९८८ साली आबांनी महिंद्राचा बी-२७५ आणला, २००४ मध्ये तो देऊन ५७५ घेतला. रंग लाल, विषय संपला. बांधापलीकडच्या अण्णांकडे पहिल्यापासून स्वराज. बांधावरून दोघांचं कधी वाजलं नाही, ट्रॅक्टरवरून मात्र बारमाही. ज्याचा चिखलात रुतेल त्याला दुसऱ्याने ओढून काढायचा आणि पुढचा आठवडा पारावर तेवढंच सांगायचं, असा अलिखित करार होता. बेंदराला दोघेही आपापला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून रस्त्याकडेला लावायचे. बैल गेले, ईर्षा राहिली.

५७५ ला एकवीस वर्षं झाली. त्याला नाव ठेवायला जागा नाही, पण आता आल्याच्या गादीवाफ्यांसाठी रान भुसभुशीत करायला सहा फुटी रोटाव्हेटर लागतो आणि म्हाताऱ्याला तो झेपेना. कोरेगाव तालुक्यात आल्याचं पीक म्हणजे जुगार. मशागतीत हयगय केली की डाव गेलाच. मी म्हटलं, या वेळी चार कंपन्यांचे बघून घेऊ. आबा म्हणाले, "बघायचंय काय त्यात? स्थळं बघायला निघालास का?"

निघालोच. आधी माहितीपत्रकं गोळा केली. त्यात सगळेच पैलवान. मग कळलं की ठळक अक्षरातली एचपी ही इंजिनाची असते. रोटाव्हेटर चालतो तो पीटीओवर, म्हणजे मागच्या बाजूच्या अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, आणि तिथे पोचेपर्यंत त्यातली काही वाटेत गळते. दोन ट्रॅक्टरांची पाटी सारखी असली तरी पीटीओची ताकद सारखी असेलच असं नाही. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टर तपासते. त्यांचे अहवाल कुणालाही वाचता येतात. पीटीओवर मिळालेली ताकद, किलोवॅट-तासाला किती ग्रॅम डिझेल जळलं, लिफ्टने किती किलो उचललं, सगळं त्यात असतं. दोन रात्री तेच वाचत बसलो. बायको म्हणाली, एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज आपण पुण्याला असतो.

आबांचा मुद्दा सिलिंडरचा. ५७५ ला चार, स्वराज ७४४ ला तीन. "तीन बैलांचं चाराला जमंल का?" मी सांगून पाहिलं की बैल किती यापेक्षा केवढे आहेत ते बघायचं, आणि ओझं पडल्यावर इंजिन आरपीएम, म्हणजे फिरण्याचा वेग, सोडतं की धरून ठेवतं यात खरा दम. त्यांना ते पटलं नाही, पण बैलाचा दाखला मी परत त्यांच्यावरच टाकला म्हणून गप्प बसले.

५० एचपीच्या वर जायचं नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं. १ जानेवारी २०२३ पासून त्यावरच्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे कडक नियम लागले, तेव्हापासून त्या गटात इलेक्ट्रॉनिक्सवर डिझेल सोडणारं कॉमन रेल इंजिन आणि सेन्सर आले. इंजिन वाईट नसेल, पण आमचा मिस्त्री लॅपटॉप लावत नाही. पान्याच्या टोकाला कान लावून तो बिघाड सांगतो.

डेमो मे महिन्यात घ्यायचे होते. पण २०२५ च्या मेमध्येच असा पाऊस कोसळला की रानात पाय ठेवता येईना. जूनच्या शेवटी वाफसा आला तेव्हा तिघांना बोलावलं: महिंद्रा, स्वराज आणि जॉन डिअर. (चौथ्याने तीनदा तारीख दिली आणि तीनही वेळा आला नाही. नाव घेत नाही, पण त्याने माझं काम सोपं केलं.) जॉन डिअरसाठी भाच्याचा हट्ट. तो म्हणे, "मामा, सणसवाडीला बनतो, म्हणजे आपलाच की."

अट एकच घातली. रान आमचं, रोटाव्हेटर आमचा, चालवणारे आबा. सोयाबीनला ठेवलेल्या तुकड्यात प्रत्येकाला सारखीच पट्टी आखून दिली. सुरुवातीला टाकी गळ्यापर्यंत भरायची, पट्टी संपली की पुन्हा गळ्यापर्यंत, आणि वरून किती ओतलं ते मापाने मोजायचं. शोरूमच्या पोरांना हे फारसं रुचलं नाही. एकाने हळूच कानात सांगितलं, "दादा, रोटाव्हेटर जरा वर घेऊन चालवा, ॲव्हरेज चांगलं दिसतं." त्यालाच मी खोली मोजायला पट्टी धरून उभा केला.

तिघांच्या डिझेलमध्ये सांगण्यासारखा फरक निघाला नाही. एवढा घाट घातला आणि हाती हे! पण विहिरीकडचा कोपरा ओला होता, तिथे खरी परीक्षा झाली. तिथे मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो आणि आबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिन्ही चालवून झाल्यावर ते काहीच बोलले नाहीत. तंबाखू मळली, विहिरीपर्यंत जाऊन आले आणि कुणी सांगितलेलं नसताना पुन्हा निळ्या स्वराजवर चढले. एक फेरा जास्तीचा मारला. उतरताना म्हणाले, "क्लच बघत होतो."

संध्याकाळी मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "लाल आणि निळा मी डोळं झाकून खोलतो. हिरव्यावर माझा हात बसलेला नाही." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आबांची सदतीस वर्षांची निष्ठा कंपनीवर होतीच, पण ऊस तोडीच्या ऐन दिवसांत रात्री अकराला कंदील घेऊन येणाऱ्या या माणसावर जास्त होती. आणि निळा घेतला तर शेजारी अण्णांकडे तोच. फिल्टर, पट्टा, कुठलाही सुटा भाग अडला तर बांध ओलांडायचा फक्त.

पण अण्णांचाच ट्रॅक्टर आपल्या दारात? आबा ताठ. शेवटी मी राखून ठेवलेलं पान टाकलं: स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राने विकत घेतली आहे. आबा बराच वेळ गप्प. मग विचारलं, "अण्णाला ठावं हाय?"

"नसावं."

"सांगू नको."

कर्जाचं दोन फेऱ्यांत झालं, सहामाही हप्ते. अनुदानाने मात्र घाम काढला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला, पण पूर्वसंमती यायच्या आत ट्रॅक्टर घेतला तर अनुदान गेलं. अल्पभूधारक असलेल्या आईच्या नावावर, म्हणून मर्यादा सव्वा लाखाची. पूर्वसंमती ऑगस्टच्या शेवटी आली. रोज शिव्या घालत होतो त्या उशिराला, आणि ३ सप्टेंबरला जाहीर झालं की २२ तारखेपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के. सात लाखांच्या मूळ किमतीवर ४९ हजार वाचले. कागद लवकर निघाला असता तर तेवढे गेले होते.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याला, ७४४ दारात आला. अण्णा सोनं द्यायला आले ते हार घेऊनच, आणि सोबत अख्खी आळी. "शेवटी आलात आमच्यात!" एवढं एकच वाक्य त्यांनी पाच जणांना पाच वेळा ऐकवलं. आबा हसत होते. चहा होईपर्यंत थांबले, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, तुझी कंपनी माझ्या कंपनीनं अठरा वर्सांमागंच इकत घेतलीया. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी नारळ सोलायला घेतला.