बेळगाव ते माजाळी: बोर्ड न घेता लाटेवर

परत आल्यापासून ऑफिसात, कट्ट्यावर, घरच्या जेवणात सगळे एकच विचारतायत की समुद्रात जाऊन नेमकं केलं काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ज्यांना नुसता रस्ता बघायचाय त्यांनी हा आणि पुढचा पॅरा वाचून निघावं, बाकी सगळं पाण्यातलं हाय. शिमगा झाल्यावरच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं कारवारजवळच्या माजाळी बीचवर गेलो, मी, आतेभाऊ, वहिनी आणि खानापूरचा एक मित्र. कारण एकच, बॉडीसर्फिंग. म्हणजे बोर्ड-बिर्ड काही नाही, लाट आली की तिच्या तोंडावर आपणच आडवं व्हायचं आणि ती नेईल तिथपर्यंत जायचं.

रस्ता: बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर, तिथनं अनमोडकडं न जाता जोयडा, अणशी घाट, कद्रा आणि सदाशिवगड. चार-साडेचार तास धरा. काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल हाय, त्यामुळं मधे थांबून गाडीवर चढून फोटो असले प्रकार नकोत. पेट्रोल रामनगरलाच भरून घ्या, पुढं रेंज पण बराच वेळ नसते, मॅप आधी डाऊनलोड करून ठेवा. घाट उजेडातच उतरायचा. पावसाळ्यात तिथं दरड येते, पण पावसाळ्यात तसंही समुद्रात उतरायचं नसतंय. सदाशिवगडाला पोचलात की माजाळी तिथनं उत्तरेला जवळच, काळी नदीचा पूल ओलांडायची गरजच नाही (जुना पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये कोसळला तो हाच).

आता कारवारच्या मोठ्या बीचवर का नाही? बीच सुंदर हाय, वाद नाही. रवींद्रनाथ टागोर 1882 च्या सुमाराला इथं राहून गेले, त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथं जज्ज होते, म्हणून बीचला रवींद्रनाथांचं नाव. पण कारवार हे नैसर्गिक बंदर, समोर कूर्मगड, देवगड अशी बेटं, एका बाजूला डोंगर. लाट आत येईस्तोवर तिचा जोरच संपतो. लहान पोरांना खेळायला उत्तम, आपल्या कामाचं नाही. दक्षिणेला बिणगा, अर्गा म्हणजे नौदलाचा तळ, तिकडं जायचा विषयच नाही. देवबाग नकाशात भारी दिसतं पण ते काळीच्या मुखाला चिकटून, ओहोटीला नदीचं पाणी बाहेर ओढ घेतं. त्यातल्या त्यात माजाळी जरा उघडं, तळ वाळूचा, उतार हलका. उत्तरेच्या टोकाला खडक हायत तिकडं पाण्यात जाऊ नका. तिथली टेकडी ओलांडून पलीकडं तिळमाती नावाचा काळ्या वाळूचा छोटा बीच लागतो, वाळू खरंच तिळाएवढ्या दाण्याची, चालत जाऊन बघण्यासारखा, पोहायला नको.

सकाळी सात वाजता पोचलो तर समोर रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, चाललेली. दोरखंड किनाऱ्यावरनं थेट पाण्यात गेलेला, दोन्हीकडं माणसं रांगेनं ओढतायत. आतेभाऊ फिन्स (पायात घालायची पोहायची पाती) घेऊन निघालाच होता, तेवढ्यात एका म्हाताऱ्या मामांनी हात वर केला, "फुडें वचूं नाका, रापण आसा." बसलो मग वाळूत. आतेभावाची चुळबूळ सुरू, "काय गा, नुसतं बघतच बसायचं काय?" पण ते बसणं फार उपयोगाचं ठरलं आणि रापण नसली तरी तुम्ही अर्धा तास बसाच. लाटा सारख्या येत नाहीत, थोडा वेळ बारीक-बारीक, मग तीन-चार मोठ्या एकामागनं एक, परत शांत. मोठ्या नेमक्या कुठं फुटतात, फुटल्यावर पाणी परत कुठल्या वाटेनं जातंय, हे सगळं बाहेरनंच कळतं, आत गेल्यावर डोळ्यापुढं फक्त पुढची लाट असते. मामांनीच दाखवलं, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे एक जागा होती जिथं लाट फुटतच नव्हती, पाणी जरा गढूळ आणि फेस उलटा समुद्राकडं चाललेला. नवखा माणूस म्हणणार, बघा किती शांत हाय, इथंच उतरू. तोच रिप करंट, म्हणजे किनाऱ्याकडनं आत समुद्रात ओढून नेणारा प्रवाह.

ह्याबद्दल आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला लागू नये. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजची आठ मुलं-मुली बुडून गेली, अजून त्या दिवसाचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं गप्प होतात. माझी आई तर निघताना दारातच उभी. तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा सोडलं, आणि जे तिला सांगितलं तेच इथं सांगतो: ओढीच्या विरुद्ध किनाऱ्याकडं पोहायचं नाही. जोरातला रिप सेकंदाला दोन मीटरच्या पुढं जातो, ऑलिंपिकवाला पण हरतो. उताणं पडून तरंगा, श्वास घ्या, हात वर करा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, जिथं लाटा फुटतायत तिकडं. ती ओढ खाली नेत नाही, बाहेर नेते. माणूस जातो तो दमून.

दुसरं म्हणजे आपलं विहिरीतलं पोहणं. आपल्यातले बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले, मग गोवावेसच्या टँकमधे हात साफ केलेला, सूर मारणं, मुटका मारणं ह्यात आपला हात धरणारा नाही. समुद्रात सूर अजिबात नाही. मुटका तर नाहीच. विहिरीला दोन परस (दोन माणसांच्या उंचीएवढी) खोली असते, इथं लाट मागं सरकली की पुढं गुडघाभर पाणी, त्याखाली टणक वाळू. हवाईमधला सँडी बीच बॉडीसर्फिंगसाठी जगात प्रसिद्ध, ओबामा 2008 मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत तिथं लाटा घेताना दिसले होते, आणि तोच बीच मानेच्या दुखापतींसाठी पण तितकाच बदनाम, कारण लाट थेट किनाऱ्यावर आपटते. माजाळीची लाट त्या मानाने लेकरू हाय, तरी नियम तोच, हात कायम डोक्याच्या पुढं.

आता मजेचा भाग. कमरेच्या वर आणि छातीच्या खाली एवढ्या पाण्यात उभं राहायचं, तोंड समुद्राकडं. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीला फुटते, त्यामुळं कमरेएवढी लाट तुमच्या पुढ्यातच फुटणार. सुरुवात फुटून पांढऱ्या झालेल्या लाटेवर करा, त्यात पडायला काही नसतं, नुसता ढकलला जाण्याचा अंदाज येतो. मग न फुटलेली घ्यायची. ती दोन हातांवर आली की किनाऱ्याकडं वळायचं, पायानं वाळूला दणकून रेटा द्यायचा, एक हात सरळ पुढं, दुसरा मांडीला, पाच-सहा जोराच्या लाथा, आणि लाट पाय उचलायला लागली की डोकं खाली, छाती पुढं दाबायची. अंगाचीच फळी करायची. पोट ढिलं सोडलं, गुडघे वाकले, की लाट खालनं निघून जाते आणि तुम्ही तिथल्या तिथं.

वहिनींना सगळ्यात आधी जमलं. आम्ही तिघं प्रत्येक लाटेमागं हात मारत सुटलेलो, दम लागलेला, आणि त्या आपल्या उभ्याच. चार लाटा डोक्यावरनं जाऊ दिल्या, पाचवीला वळल्या आणि आमच्या शेजारनं सरळ निघून गेल्या, पुढं काढलेला हात आणि मागं फेसाची रेघ एवढंच दिसलं. गुडघाभर पाण्यात उठून उभ्या राहिल्या, तोंडावरचे केस मागं केले आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही लई घाई करताय, ती उचलते की आपल्याला." आतेभाऊ काही बोलला नाही, पण त्यानंतर त्याला पण जमायला लागलं.

लाट लागली हे कळतं कसं? अंगाखालचं पाणी अचानक वेग घेतं, पोट हलकं होतं, कानात एकच घरघर. पुढं बघितलं तर लाटेच्या पोटात वर ओढली जाणारी वाळू दिसते, एकेक दाणा वेगळा, आणि तुम्ही त्याच्या वरनं चाललेले. सगळं मिळून पाच-सात सेकंद असेल. सरळ किनाऱ्याकडं न जाता थोडं तिरकं, ज्या बाजूला लाट अजून फुटायची हाय त्या बाजूचा हात पुढं काढून गेलात तर अजून दोन सेकंद मिळतात, आणि त्या दोन सेकंदांसाठीच माणूस परत चालत आत जातो. संपवताना मात्र वाळूपर्यंत जायचा हट्ट नको, पाणी पातळ दिसायला लागलं की खांदा वळवून लाटेच्या मागं निघायचं. आपटलात तर दोन्ही हात डोक्याभोवती, अंग गोळा, आणि थांबायचं, लाट सोडते. धडपड केली तर पाणी पोटात जातं. आत जाताना अंगावर येणाऱ्या लाटेला उभं राहून छाती द्यायची नाही, खाली बुडी मारून बोटं वाळूत रोवायची, ती वरनं निघून जाते.

अंगाचं काय होतं ते पण सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. खानापूरचा मित्र रोज पहाटे पळणारा, त्याच्या पोटरीत पहिल्या तासाभरातच गोळा आला. फिन्स घातल्यावर पाण्याचा सगळा भार पोटरी आणि पावलावर येतो, पळणाऱ्याला त्याची सवय नसते. गोळा आला तर उताणं व्हायचं, फिनचं टोक धरून आपल्याकडं ओढायचं, सुटतो. मान दुखते. खांदे रात्री वर होत नाहीत, शर्ट काढताना कळतं. छातीला आणि काखेत वाळूनं सालटं निघतात, म्हणून अंगाला घट्ट बसणारा पोहायचा टीशर्ट घालाच. सुती कपडे, ओढणी, सैल पँट हे पाणी पिऊन जड होतं आणि पायात अडकतं. आणि खारं पाणी कितीही थुंकलं तरी थोडं जातंच, मग तोंड कोरडं, डोकं जड, म्हणून तासाभरानं बाहेर येऊन साधं पाणी किंवा शहाळं. थंडी वाजायला लागली किंवा चांगल्या लाटा हातातनं सुटायला लागल्या की समजा पाय संपले. "एक शेवटची" म्हणायचं नाही.

फिन्सबद्दल: आखूड पात्याच्या, रबरी, टाचेला पट्टा असलेल्या. स्नॉर्केलिंगच्या लांब फिन्स इथं आडव्या येतात. पायाला घट्ट पण बोटं न दाबणाऱ्या घ्या, आत पातळ मोजे घातले तर टाच सोलत नाही. गुडघाभर पाण्यात जाऊन घालायच्या आणि उलटं चालायचं, पुढं चाललात की तोंडावर पडणार. आणि फिन्स आहेत म्हणून खोल जायचं असं नाही, पाय टेकतील तिथंच हा खेळ. चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत फरफटवत चाला, पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असली तर हलून जाते. काटा लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

वेळ: सकाळची. तेव्हा मतलई वारा जमिनीकडनं वाहत असतो, लाटेचं तोंड गुळगुळीत राहतं. दुपारी खारा वारा सुटला की सगळं पाणी फिसकटतं. भरती पूर्ण असताना लाट किनाऱ्याला लागून आपटते, ते टाळा. अंदाजासाठी कोकणातला हिशोब चालतो, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती, बाराच्या आसपास ओहोटी, नऊला उतरलात की पाणी बरोबर मधे असतं. तासाभराचा फरक पडतो, पक्कं मोबाईलवर टाइड टेबलात बघा. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असल्यानं ओढ पण कमी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नवख्यांनी सोडून द्या.

आम्ही गेलो तेव्हा माजाळीला लाईफगार्ड दिसला नाही. त्यामुळं एकानं कायम बाहेर बसायचं, डोळे पाण्यावर, मोबाईल खिशात. दोघंच असाल किंवा पोहण्यात कच्चे असाल तर सरळ पोळेची हद्द ओलांडून गोव्यातल्या काणकोणात जावा, पाळोळे-पाटणेला दिवसा लाईफगार्ड असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहायचं, नुसता लाल झेंडा असला तर जेवायला जायचं. आगोंदची लाट जोरदार, ती नंतर कधीतरी.

जेवणाचं काय सांगायचं, सदाशिवगडला कुठंही बसा, बांगडा, तिसऱ्या, सोलकढी. पाण्यात उतरायच्या आधी मात्र केळं-बिळं एवढंच. राहायला माजाळीत थोडी आणि कारवारात भरपूर सोय हाय, वीकेंडला आधी फोन करून ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी शांत, लाट बारीक, शिकायला चालतं. मार्च-एप्रिलमधे लांबनं येणाऱ्या जरा दमदार लाटा मिळतात, आम्हाला तशाच मिळाल्या. मे अर्धा झाला की बंद, आणि जून ते सप्टेंबर फक्त बघायला. परतीला दुपारी दोन-अडीचला निघा, गाडी ज्याचे खांदे कमी दुखतायत त्यानं चालवायची, आमच्यात वहिनींनी चालवली.