मीटिंगची वेळ कुणाच्या घड्याळाची?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात मी मर्चंडायझिंग, म्हणजे बायरच्या ऑर्डरींचं काम बघते. दर मंगळवारी मीटिंग असते: न्यूयॉर्कची बायर, हॅम्बुर्गचा एजंट, मी आणि आमचे डाईंग मास्तर. उन्हाळ्यात सगळं सुरळीत. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, हॅम्बुर्गला दुपारचे तीन.

नोव्हेंबर लागला की घोळ सुरू. मीटिंग भारतीय वेळेवर लावलेली, त्यामुळे आपले साडेसहा कायम. पण तिकडची घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेलेली, म्हणून न्यूयॉर्कला आठच वाजलेले. मास्तर लॅब डिपचे, म्हणजे मंजुरीसाठी रंगवलेल्या नमुन्याचे तुकडे हातात घेऊन स्क्रीनसमोर बसलेले आणि बायरचा पत्ता नाही.

त्यात दोघांची घड्याळं एकाच दिवशी हलत नाहीत. अमेरिकेत 2007 पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. म्हणजे 2026 मध्ये 8 ते 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर या काळात न्यूयॉर्क-हॅम्बुर्गमधलं अंतर सहाऐवजी पाच तास.

मी बायरला सरळ विचारलं, पक्की वेळ कुणाची धरायची? त्यांचे सकाळचे नऊ ठरले. मग जुनी मीटिंग काढून कॅलेंडरात नवी लावली आणि टाइम झोनमध्ये कोलकात्याऐवजी (म्हणजे भारतीय वेळेऐवजी) न्यूयॉर्क निवडलं. निवडायचं ते शहरच. मेलमध्ये लोक जुलैतसुद्धा सर्रास 'ईएसटी' लिहितात. ती, म्हणजे ईस्टर्न स्टँडर्ड टाइम, न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ, तिथेच तासाचा फरक पडतो. मधल्या आठवड्यांत तुमच्याकडे दोन वाजता मीटिंग येईल, हे हॅम्बुर्गला आधीच कळवून टाकलं.

खरा प्रश्न मास्तरांचा होता. आता हिवाळ्यात आपल्याकडे साडेसात होणार, आणि ते राहतात कुंभारीला. "मॅडम, घड्याळ त्यांचं फिरतंय आणि जेवण माझं लांबतंय," ते म्हणाले. मला ते शंभर टक्के पटलं. बायरची सोय बघायची तशी आपल्या माणसाचीही बघायला हवी, त्याच्याशिवाय रंगाची छटा जुळत नाही.

तसंही थंडीत साडेसातला उजेड कुठला? म्हणून नोव्हेंबर ते मार्च मास्तर दुपारी चारला शेडबाहेर उन्हात नवा तुकडा आणि पास झालेला जुना तुकडा शेजारी ठेवून फोटो काढतात, मी तो मीटिंगआधी पाठवते. शेवटचं अप्रूव्हल कुरिअरने गेलेल्या तुकड्यावरच होतं, त्यामुळे बायरलाही हे चाललं. काही अडलंच तर मास्तरांना घरी फोन लावते. ते दहा मिनिटं बोलतात आणि ठेवतात.