तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी पुसायच्या आधी

"वडील गेले. शोकसभेत बोलायचंय. आयुष्यभर नोकरी केली, आम्हाला वाढवलं, मोटरसायकलवर जीव होता. यापुढे काही सुचतच नाही. काय लिहू?" असं बरेच जण विचारतात. उत्तर एकच: कागद बाजूला ठेवा आणि गाडीपाशी जा. फक्त आधी ती धुऊ नका. मायेपोटी लोक गाडी चकाचक करतात आणि सांगण्यासारखं निम्मं फडक्याबरोबर निघून जातं.

सुरुवात मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरपासून करा. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगखाली खाचांचं एक कडं असतं. खाचा बहुधा पाच. एकट्या माणसाला पहिली-दुसरी पुरते. मागे कोणी बसणार असेल तर हुक पान्याने कडं फिरवून स्प्रिंग कडक करतात. कडं चौथ्या खाचेवर असेल आणि भोवती जुना मळ थापून बसला असेल, तर ते बरेच दिवस हललेलं नाही. म्हणजे सकाळी एकटं कामावर जाताना कडक स्प्रिंगचे दणके सोसायचे, कारण नंतर मागे कोणीतरी बसणार असायचं. कोण, ते घरात विचारा. ते नाव मिळालं की 'कुटुंबवत्सल' लिहावं लागत नाही. मात्र कडं गंजून अडकलंही असेल. आधी फोटो काढा, मग पान्याने फिरतं का ते पाहा. अडकलेलं निघालं तर हा मुद्दा सोडून द्या.

मीटरवर विसंबू नका. पाच आकडी मीटर 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येतो. कामाला जाऊन-येऊन रोज 28 किमी आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 8,400 किमी होतात. बारा वर्षांत मीटर एक फेरी मारतो. तेव्हा मीटरवर 4,300 दिसलं म्हणून "गाडी फारशी चालवलीच नाही" असं लिहिलंत, तर पहिल्या रांगेतले त्यांचे सहकारी चुळबुळतील.

पेट्रोलची वही सापडली तर नशीब. गाडीवेडी माणसं तारीख, किमी आणि लिटर लिहून ठेवतात. टाकी काठोकाठ भरायची, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ, आणि मधले किमी त्या वेळी भरलेल्या लिटरने भागायचे: 414 भागिले 9.2, म्हणजे लिटरला 45 किमी. ॲव्हरेज अचानक पडलं असेल तर त्याच सुमाराला एअर फिल्टर किंवा स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) बदलल्याची नोंद शोधा. पण खरं वाचायचं ते वहीतल्या रिकाम्या महिन्यांत. आजारपण, काम सुटणं, गाडी गहाण पडणं, काहीही असेल. अंदाजाने लिहू नका, त्या काळात सोबत असलेल्याला विचारा. उत्तर मिळालं तरी सभेत सांगायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवावं.

बाकीचं भराभर पाहून घ्या: गिअरच्या लिव्हरचं रबर, त्या बाजूच्या बुटावरचा घासलेला पट्टा (काही जुन्या गाड्यांचा गिअर उजवीकडे असतो), टाकीच्या दोन्ही अंगांना गुडघ्यांनी पुसट झालेला रंग. टायरवर चार आकडे एकत्र असतात. 2319 म्हणजे टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. शेवटचा टायर त्यांनी कधीच्या सुमाराला टाकला, तेही त्यावरून कळतं.

तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द पुष्कळ झाले. त्यात अशा दोनच गोष्टी घ्या. सगळं सांगायला गेलात की सर्व्हिसिंगची यादी वाचल्यासारखं होतं.

आणि हो, सभेच्या दिवशी दारात गाडी सुरू करायचा मोह होतो. महिनोन्‌महिने उभ्या गाडीला थेट किक मारू नका. जुनं पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बारीक जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या भोकात, बसतं. आधी टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, जेट साफ करा. प्लग काढून भोकात साधारण 5 मिली इंजिन ऑइल सोडा, किक हाताने चार-पाच वेळा सावकाश दाबा, म्हणजे पिस्टनच्या कोरड्या रिंगा सिलिंडरला ओरखडे पाडणार नाहीत. काढलेला प्लग फिकट तपकिरी असेल तर ट्यूनिंग शेवटपर्यंत नीट होतं. तो धुऊ नका, जपून ठेवा. मग दुसरा प्लग बसवा, ऑइल बदला, ताजं पेट्रोल घाला आणि गाडी उघड्यावर सुरू करा, बंद खोलीत नको. काढलेलं जुनं पेट्रोल टाकून देण्याआधी मोजा आणि वहीत शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून लिहा.